महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि निराश्रितांची सेवा

भुकेल्यास अन्न द्यावे, वाटसरूस आसरा द्यावा, रोग्यास औषध द्यावे, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. गावोगावच्या धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया आणि मठांच्या पंगती तिची साक्ष देतात. तथापि या दानधर्माच्या परंपरेत एक उणीव दीर्घकाळ राहून गेली. ज्यांना शिवणे हेच पाप मानले गेले, त्यांच्या पदरात पडणारे दान दुरून टाकले जाई. देणारा उंबरठ्याच्या आत उभा राही आणि घेणारा अंगणाच्याही बाहेर. त्यामुळे कधी पोट भरले असेल, पण माणूसपण परत मिळाले नाही. ही उणीव ज्यांना तीव्रतेने जाणवली आणि जिच्या निवारणार्थ ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या थोड्या पुरुषांत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे स्थान अग्रभागी आहे.

या ग्रंथाच्या वाचकांना त्यांच्याविषयी विशेष आपलेपणा वाटावा याला आणखीही एक कारण आहे. विठ्ठलरावांचे कार्य मुंबई-पुण्यास फुलले असले तरी त्याची मुळे महाराष्ट्राच्या आजच्या सीमांपलीकडे पसरलेली होती. त्यांचा जन्म जमखंडीचा. त्यांच्या शिक्षणास साहाय्य बडोद्याचे. त्यांच्या आश्रमाच्या इमारतीस द्रव्य इंदूरचे. आणि त्यांच्या संस्थेच्या शाखा हुबळी-मंगळूरपर्यंत गेलेल्या. बृहन्महाराष्ट्राने घडविलेला आणि बृहन्महाराष्ट्राला भूषणभूत झालेला असा हा पुरुष होता.

जमखंडीचे घर

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी त्या काळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. आज ते गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. दरबारात मराठी आणि बाजारात कानडी अशा त्या गावात दोन्ही भाषा मुलांच्या कानावर बालपणापासून पडत. पुढे विठ्ठलरावांनी मराठीचा कानडीशी व कोकणीशी असलेला संबंध यांवर जे लेखन केले, त्याचे बीज या द्विभाषी वातावरणात होते असे म्हणावयास हरकत नाही.

वडील रामजीबावा आणि मातोश्री यमुनाबाई यांचे घर वारकरी संप्रदायाचे. पंढरीची वारी, भजन आणि आल्यागेल्याचे आतिथ्य हा त्या घराचा नित्यक्रम होता. घराण्यास पूर्वी बरे दिवस होते. पुढे विपन्नावस्था आली. परंतु दारिद्र्य आले म्हणून दार बंद झाले नाही. जातिभेदाचा जाच त्या घरात फारसा नव्हता, आणि ज्यांना इतर घरी ओट्यावरही जागा मिळत नसे अशा माणसांचे तेथे मोकळेपणाने स्वागत होई. विठ्ठलरावांच्या अंगी पुढे जी समबुद्धी दिसून आली ती त्यांनी केवळ इंग्रजी ग्रंथांतून उचलली असे नव्हे. तिचा पहिला संस्कार त्यांना या गरीब वारकरी घरातच झाला.

प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ते पुण्यास आले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकू लागले. पैशाची ओढाताण सदैव होती. अशा वेळी श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडून त्यांस दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९८ मध्ये ते बी. ए. झाले. या काळात मिल्ल, स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा आणि आगरकरांच्या लेखनाचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला. तथापि त्यांचा मूळ पिंड भक्तीचा होता. केवळ बुद्धिवादाने त्यांचे समाधान होईना. रानडे व भांडारकर यांच्या प्रार्थनासमाजात त्यांना असा धर्म सापडला की, ज्यात देवाची भक्तीही होती आणि माणसामाणसांतील भेदांस थाराही नव्हता. कायद्याचा अभ्यास त्यांनी अर्ध्यावर सोडला आणि प्रार्थनासमाजाचे धर्मप्रचारक होण्याचा निश्चय केला.

घरची परिस्थिती ओढग्रस्तीची असताना वकिलीसारखा किफायतशीर धंदा सोडून धर्मप्रचारकाचे तुटपुंजे वेतन पत्करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांचे लग्न बालपणीच झालेले होते आणि संसाराचा भार अंगावर होता. थोरली माणसे घरात होती, बहिणीच्या आयुष्याची चिंता होती. या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच त्यांच्या घरच्या माणसांनीही मोजली, हे त्यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

ऑक्सफर्ड आणि परतीची वाट

१९०१ मध्ये ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करण्यासाठी त्यांची निवड झाली. ही संस्था युनिटेरियन पंथाची होती. एकेश्वरी उपासना आणि विचारस्वातंत्र्य यांवर या पंथाचा भर असल्यामुळे प्रार्थनासमाजाशी त्याचा स्नेह जुळला होता. प्रवासास द्रव्यसाहाय्य पुन्हा सयाजीराव महाराजांनीच केले. दोन वर्षे विठ्ठलरावांनी तेथे बौद्ध धर्म, ख्रिस्ती धर्म आणि जगातील इतर धर्म यांचे अध्ययन केले. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी त्यांनी निबंध वाचला आणि त्याच वर्षी ते स्वदेशी परतले.

विलायतेत त्यांनी जे पाहिले त्यात ग्रंथालये व प्रार्थनामंदिरे होती, तशाच मोठ्या शहरांतील दरिद्री वस्त्या आणि त्यांत राहून काम करणारी सेवाभावी माणसेही होती. धर्म म्हणजे केवळ उपासनेच्या दिवशी ऐकावयाचे व्याख्यान नव्हे, तर गल्लीबोळात जाऊन करावयाची सेवा होय, ही गोष्ट त्यांच्या मनावर बिंबली. परत येऊन ते मुंबईस प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले आणि देशभर फिरू लागले. जेथे जात तेथील अस्पृश्य वस्तीची पाहणी करण्याचा त्यांचा परिपाठ असे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. त्यांचेही त्यांनी निरीक्षण केले. खानेसुमारीच्या अहवालांवरून त्यांनी या वर्गाच्या संख्येचा व स्थितीचा अभ्यास केला, आणि ज्याकडे सुशिक्षित समाज डोळेझाक करीत होता तो एक निराळाच, वाळीत टाकलेला भारत त्यांच्या दृष्टीपुढे उभा राहिला. बहिष्कृत भारत हे नाव त्यांनी आपल्या निबंधास दिले. याच नावाने पुढे १९२७ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर यांनी आपले पत्र सुरू केले.

१९०५ मध्ये अहमदनगरला गेले असता जवळच्या भिंगार गावी अस्पृश्य मंडळींनी रात्रीच्या वेळी भरविलेल्या सभेस त्यांना बोलावणे आले. दिवसभर काबाडकष्ट करून आलेली ती माणसे त्यांच्यासमोर बसली होती. आपल्या उद्धारासाठी आपण काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता. केवळ उपदेश करून परत जाणे विठ्ठलरावांच्या मनाला पटले नाही. या लोकांसाठी एक स्वतंत्र, स्थायी आणि सुसंघटित संस्था काढावयाची, असा संकल्प त्यांनी तेथे केला.

मंडळीची स्थापना

तो संकल्प १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत सिद्धीस गेला. डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी ऑफ इंडिया या नावाने संस्था स्थापन झाली. भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी हे तिचे मराठी नाव. न्यायमूर्ती सर नारायण गणेश चंदावरकर हे अध्यक्ष, शेट दामोदरदास गोवर्धनदास सुखडवाला हे उपाध्यक्ष आणि विठ्ठलराव हे कार्यवाह झाले. एल्फिन्स्टन रोडच्या बाजूस, गिरणगावाच्या वस्तीत, मंडळीची पहिली शाळा त्याच दिवशी उघडली.

अस्पृश्यांच्या शिक्षणाचा हा देशातील पहिलाच प्रयत्न होता असे नव्हे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी अर्धशतकापूर्वीच या कार्याचा पाया घातला होता. बडोद्याच्या शाळांचा उल्लेख वर आलाच आहे. मंगळूर येथे कुडमुल रंगराव यांनी १८९७ पासून अशाच नावाची संस्था चालविली होती. विठ्ठलरावांचे वैशिष्ट्य असे की, ठिकठिकाणच्या विखुरलेल्या प्रयत्नांस अखिल भारतीय स्वरूपाच्या एका संस्थेचे रूप देण्याची दृष्टी त्यांनी बाळगली. शिक्षणाचा प्रसार करणे, कामधंदा मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि उदार धर्माचा व शीलाचा संस्कार करणे, ही संस्थेची उद्दिष्टे होती. या चौघांपैकी एकही सुटले तर उरलेली तीन पांगळी होतात, हे त्यांस ठाऊक होते. शिकलेल्या मुलास काम मिळाले नाही तर शिक्षण वाया जाते. काम मिळूनही विहिरीवर पाणी भरू दिले नाही तर त्या कामाने काय साधले?

म्हणून मिशनच्या कार्यास अनेक अंगे फुटली. दिवसा मुलांची शाळा, रात्री कामकऱ्यांचे वर्ग. शिवणकाम व पुस्तकबांधणी यांसारखे उद्योग. दूरच्या गावांहून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह. भजने आणि व्याख्याने असा हा क्रम होता. स्त्रियांमध्ये काम करण्यासाठी निराश्रित सेवासदन निघाले. त्यातील भगिनी घरोघर जात, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. विठ्ठलरावांची बहीण जनाबाई हिने या कामास वाहून घेतले. सासरचे दुःख सोसून आलेल्या या बहिणीच्या शिक्षणासाठी विठ्ठलरावांनी खटपट केली होती. तिने त्या विद्येचा उपयोग स्वतःच्या सुखासाठी न करता परळच्या चाळीतील लेकुरवाळ्या स्त्रियांसाठी केला.

सारे शिंदे कुटुंबच कार्यात ओढले गेले. विठ्ठलरावांनी स्वतःचे बिऱ्हाड ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या शेजारी नेले. दानधर्माच्या जुन्या रीतीहून हे कार्य निराळे होते ते येथे. देणग्या देणारे गावात पुष्कळ होते. शाळेस शंभर रुपये देऊन आपल्या पंक्तीचे सोवळे सांभाळणे कोणासही शक्य होते. अस्पृश्यांच्या वस्तीत घर करणे, त्यांच्या मुलांसह आपल्या मुलांस वाढविणे, त्यांच्या हातचे पाणी पिणे, हे मात्र जातीच्या दृष्टीने स्वतःच अस्पृश्य होणे होते. विठ्ठलरावांनी ते जाणूनबुजून पत्करले.

विस्तार आणि साहाय्य

थोड्याच वर्षांत मिशनच्या शाखा मुंबई इलाख्यात, वऱ्हाडात आणि दक्षिणेत स्थापन झाल्या. १९०८ मध्ये पुण्यास शाखा निघाली आणि १९१२ च्या सुमारास विठ्ठलरावांनी आपले मुख्य ठाणे तेथे हलविले. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात फर्ग्युसन कॉलेजात अस्पृश्यतानिवारणार्थ परिषद भरली. अध्यक्षस्थानी वयोवृद्ध पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. संस्कृत विद्येच्या क्षेत्रात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई अशा पुरुषाने या परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारल्यामुळे, अस्पृश्यतेला शास्त्राचा अढळ आधार आहे असे म्हणणाऱ्यांचे बळ कमी झाले. परिषदेच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींच्या लोकांचे सहभोजनही झाले.

पुण्यात संस्थेस स्वतःची जागा हवी होती. नगरपालिकेने जमीन दिली आणि इंदूरचे महाराज श्रीमंत तुकोजीराव होळकर यांनी इमारतीसाठी वीस हजार रुपयांची देणगी दिली. त्या आश्रमास अहिल्याश्रम हे नाव ठेवण्यात आले. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी व धर्मशाळा बांधणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव अशा संस्थेस मिळावे, यात एक औचित्य आहे. अहिल्याबाईंच्या विहिरी वाटसरूंसाठी होत्या; आता त्यांच्या नावाने उभी राहिलेली वास्तू अशा मुलांसाठी होती की, ज्यांना गावच्या विहिरीवर जाण्याची बंदी होती.

बडोद्याचे सयाजीराव, इंदूरचे तुकोजीराव, मुंबईचे गुजराती शेट, प्रार्थनासमाजाचे सुशिक्षित गृहस्थ आणि ब्राह्मसमाजी सहकारी अशा अनेकांच्या मदतीने हे कार्य चालले होते. पैशाची चिंता तरीही सुटली नाही. संस्था चालविणारास हिशेब, अहवाल, सभा आणि वर्गणी यांचे ओझे रात्रंदिवस वाहावे लागते, आणि ते काम चरित्रांत क्वचितच दिसते. विठ्ठलरावांनी ते वर्षानुवर्षे केले. शिवाय १९१० मध्ये मतभेदांमुळे प्रार्थनासमाजाच्या प्रचारकपदापासून ते दूर झाले होते, त्यामुळे निर्वाहाचे ते साधनही गेले होते.

देवाच्या नावावर चाललेल्या अन्यायाविरुद्धही त्यांनी आवाज उठविला. खंडोबाला मुली वाहून त्यांस मुरळी करण्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली. स्वतः वारकऱ्याच्या घरी जन्मलेल्या आणि अखेरपर्यंत भक्त राहिलेल्या पुरुषाने केलेला हा निषेध होता. देवाचा अव्हेर करावा असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. माणसाचा बळी घेऊन देव प्रसन्न होतो ही समजूत देवाचाच अपमान करते, असा त्यांचा विश्वास होता.

देशाच्या व्यासपीठावर

शाळा व वसतिगृहे यांनी काही शेकडा मुलांचे कल्याण होईल, परंतु कोट्यवधी लोकांवरील अन्याय दूर होण्यासाठी साऱ्या देशाचे मन वळले पाहिजे, हे विठ्ठलराव जाणत होते. राष्ट्रीय सभेने सामाजिक प्रश्नांत पडू नये, असा त्या काळचा संकेत होता. तो मोडावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. अखेर १९१७ च्या डिसेंबरात कलकत्ता येथे ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात, रूढीने दलितवर्गावर लादलेल्या अडचणी दूर करण्याची आवश्यकता देशास पटविणारा ठराव संमत झाला. महात्मा गांधींनी अस्पृश्यतानिवारणास राष्ट्रकार्याचे अंग बनविले ते यानंतर. त्या मार्गावरील पहिली पायरी घडविण्यात विठ्ठलरावांचा वाटा मोठा होता.

पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईस अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. सयाजीराव महाराज अध्यक्ष होते. लोकमान्य टिळक या परिषदेस उपस्थित राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण त्यांनी केले. परंतु वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी सही केली नाही. व्यासपीठावरील मत आणि घरातील आचार यांत केवढे अंतर होते, याची कल्पना या एका घटनेवरून येते. विठ्ठलरावांनी आपल्या आयुष्यात तोडले ते नेमके हेच अंतर.

सेवकाची कसोटी

आता या चरित्रातील सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळले पाहिजे. अनेक गौरवलेखांत ते गाळले जाते; पण ते गाळले तर विठ्ठलरावांची खरी थोरवीही हाती लागत नाही.

मिशनच्या शाळांतून आणि त्या काळच्या एकंदर जागृतीतून अस्पृश्य समाजात एक नवी, सुशिक्षित व स्वाभिमानी पिढी उदयास आली. आपल्या वतीने इतरांनी बोलावे, आपल्या संस्था इतरांनी चालवाव्यात, हे तिला मान्य होईना. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे विठ्ठलरावांनी साक्ष दिली; तरुण आंबेडकरांनीही दिली. अस्पृश्यांना कायदेमंडळात प्रतिनिधित्व मिळावे याविषयी दोघांचे दुमत नव्हते. ते कोणी निवडावे, हा वादाचा विषय होता. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, उच्चवर्णीयांच्या पुढारीपणाखालील कोणत्याही संस्थेच्या शिफारशीने ते नकोत, अशी डॉ. आंबेडकरांची भूमिका होती. १९२० च्या मे महिन्यात नागपूर येथे शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत मिशनच्या धोरणावर उघड टीका झाली.

ज्यांच्यासाठी घरदार वेचले त्यांच्याकडूनच अविश्वास यावा, हा प्रसंग कोणत्याही सेवकास जिव्हारी लागणारा आहे. दुसरीकडे, अस्पृश्यांत मिसळल्यामुळे त्यांचे स्वजातीय मराठे त्यांच्यावर नाराज होते, ब्राह्मणेतर चळवळीतील जहाल मंडळींना त्यांचे सर्वांस धरून चालण्याचे धोरण पसंत नव्हते, आणि सनातन्यांस तर ते प्रथमपासूनच नकोसे होते. अशा रीतीने विठ्ठलराव चारी बाजूंनी एकटे पडले.

या वादात न्याय कोणत्या बाजूस होता? आज इतक्या वर्षांनंतर पाहता, आपल्या भवितव्याचा निर्णय आपण करण्याचा हक्क मागणाऱ्यांची बाजू मूलतः रास्त होती, हे मान्य केलेच पाहिजे. दुसऱ्याने केलेला उद्धार, तो कितीही प्रेमाने केलेला असो, पुरता उद्धार नसतो. परंतु हेही तितकेच खरे की, हा हक्क मागण्याइतकी वाचा ज्यांना फुटली त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती पहिली पाटी मिशनसारख्या संस्थांनीच दिली होती. ज्या दिवशी साह्य घेणारा ताठ उभा राहून साह्य देणारास प्रश्न विचारू लागतो, त्या दिवशी साह्य फळास आले असे समजावयाचे, की कृतघ्नता म्हणून त्याचा विषाद मानावयाचा? प्रत्येक परोपकारी संस्थेच्या जीवनात ही घडी येते. पुष्कळ संस्था तेथे अडखळतात. संस्थापकास आपली संस्था सोडवत नाही, आणि सेवेचे रूपांतर हळूहळू मालकीत होते.

विठ्ठलरावांना वेदना झाल्या. त्यांनी त्या लपविल्याही नाहीत. तथापि १९२३ मध्ये त्यांनी मिशनच्या कारभारातून अंग काढून घेतले. सतरा वर्षे ज्या संस्थेसाठी रक्ताचे पाणी केले तिच्यापासून ते रिकाम्या हाताने दूर झाले. संस्थेवर त्यांनी हक्क सांगितला नाही, आणि कार्याकडे पाठही फिरविली नाही. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

अखेरची वर्षे

मिशन सोडल्यावर काही काळ त्यांनी मंगळूर येथील ब्राह्मसमाजाचे काम केले. १९२४ मध्ये त्रावणकोर संस्थानात वैकोम येथे देवळाभोवतालचे रस्ते अवर्णांना मोकळे व्हावेत म्हणून सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते तेथे जाऊन त्यात सहभागी झाले. संस्था गेली, पद गेले, साधने गेली. सत्याग्रहींच्या रांगेतील एक माणूस एवढीच त्यांची ओळख तेथे होती, आणि ती त्यांना पुरेशी होती. १९३० च्या सविनय कायदेभंगात भाग घेऊन, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात सहा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा भोगली. शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठीही ते गावोगाव फिरत राहिले.

१९३३ मध्ये त्यांचा भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता ही ईश्वराने निर्मिलेली नसून इतिहासात माणसांनीच निर्माण केलेली आहे, हे त्यात त्यांनी प्राचीन वाङ्मय, भाषा आणि समाजरचना यांच्या अभ्यासाने दाखविण्याचा प्रयत्न केला. त्यांतील काही अनुमाने आज विद्वानांस मान्य होणार नाहीत. पण जे माणसांनी निर्माण केले ते माणसांस मोडताही येते, हा त्या ग्रंथाचा निष्कर्ष अबाधित आहे. आपल्या जीवनाचा वृत्तांत त्यांनी माझ्या आठवणी व अनुभव या ग्रंथात लिहून ठेवला आहे. मराठीतील प्रांजळ आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

प्रकृती ढासळत गेली, तरी उपासना चुकली नाही. २ जानेवारी १९४४ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. सहा वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. जे संविधान घडविण्यात डॉ. आंबेडकरांचा वाटा सर्वांत मोठा होता, त्यातील हे कलम पाहावयास विठ्ठलराव असते तर पूर्वीच्या वादाची आठवण त्यांना राहिली नसती, असे त्यांच्या स्वभावावरून निःशंकपणे म्हणता येईल.

कायद्याने एक मोठा अन्याय गुन्हा ठरला. मनातून तो सर्वत्र गेला असे मात्र आजही म्हणता येत नाही. मठ, देवस्थाने आणि लोकोपकारी संस्था आजही शाळा काढतात, दवाखाने चालवितात, पंगती घालतात. हे सारे स्तुत्य आहे. विठ्ठलरावांचे चरित्र अशा प्रत्येक संस्थेस दोन गोष्टी विचारते. ज्यांची सेवा आपण करतो त्यांच्या शेजारी आपले बिऱ्हाड आहे काय? आणि उद्या त्यांनी संस्थेचा कारभार आमच्या हाती द्या असे म्हटले, तर किल्ल्या त्यांच्यापुढे ठेवण्याची आपली तयारी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विठ्ठलरावांनी १९०६ मध्ये दिले आणि दुसऱ्याचे १९२३ मध्ये. पहिले उत्तर देताना त्यांना लोकांनी नावे ठेवली. दुसरे देताना त्यांना स्वतःच्या मनाशी झगडावे लागले. या दोहोंपैकी दुसरे अधिक कठीण होते, आणि म्हणूनच ते अधिक अनुकरणीय आहे.

जमखंडीच्या गरीब वारकरी घरातून निघालेल्या या भक्ताच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.